शर्यत पाहायला जाताना काय घालाल?

वार्षिक परीक्षा आटोपल्या की आपल्या मराठवाड्यात यात्रा-जत्रांची धामधूम सुरू होते. कोठे शंकरपट भरतो, कोठे कुस्त्यांचा फड रंगतो, तर कोठे मोकळ्या माळावर धुरळा उडवीत मोटारसायकली धावतात. शर्यत तासाभराची असली, तरी चांगली जागा मिळावी म्हणून मंडळी सकाळपासून येऊन बसतात आणि दुपार टळेपर्यंत जागा सोडत नाहीत. डोक्यावर मांडव नसतो, आजूबाजूला झाड नसते आणि पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो.

अशाच एका शर्यतीच्या आदल्या दिवशी आमच्या शेजारची तीन मुले माझ्याकडे वाद घेऊन आली. पहिला म्हणाला, "सर, आम्ही सगळे एकसारखे काळे टी-शर्ट घालून जाणार आहोत. चालेल ना?" दुसरा म्हणाला, "छे! नुसत्या बनियनवर जायला पाहिजे. जितके कपडे कमी, तितकं गार." तिसरा जरा संकोचून म्हणाला, "माझी आजी म्हणते, पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, डोक्याला रुमाल गुंडाळ आणि खिशात कांदा ठेव."

या तिघांत बरोबर कोण? प्रश्न कपड्यांचा दिसतो, पण त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि ते जिवाशी संबंधित आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा समारंभ झाला. लाखो माणसे उघड्या मैदानावर काही तास उन्हात बसून होती. त्या दिवशी त्या भागातील कमाल तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. नांदेडकरांना हा आकडा किरकोळ वाटेल. तरीही त्या घटनेत उष्माघाताने १४ माणसे मृत्युमुखी पडली. नांदेडला मे महिन्यात ४२-४३ अंशांवरही बाजार चालू असतो. मग तेथे ३८ अंशांवर असे का व्हावे? हा प्रश्न लक्षात ठेवा. कपड्यांचा विचार करताना त्याचेही उत्तर मिळेल.

शरीराचा जमाखर्च

आपल्या शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही अन्नाच्या ज्वलनामुळे दर सेकंदाला सुमारे १०० ज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजे प्रत्येक प्रेक्षक हा १०० वॅटचा एक दिवाच असतो. ही उष्णता सतत बाहेर टाकावी लागते.

आता तिच्यात सूर्याची भर घाला. मे महिन्याच्या मध्यास सूर्य भर दुपारी नांदेड-लातूरच्या जवळजवळ नेमका डोक्यावर येतो. सपाट जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर त्या वेळी सुमारे ९०० वॅट सौरऊर्जा पडते. यांतली किती आपल्या वाट्याला येते? ते मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. सूर्य डोक्यावर असताना आपली सावली जेवढी जागा व्यापते, तेवढ्या जागेवर पडणारे ऊन आपण अडवलेले असते. बसलेल्या माणसाची ही सावली सुमारे ०.३ चौरस मीटर धरू. ९०० गुणिले ०.३ म्हणजे २७० वॅट. शरीराच्या स्वतःच्या उष्णतेपेक्षा अडीच पटींहून अधिक!

उष्णता घालवण्याचे मार्ग तुम्हाला पाठ आहेत: वहन, अभिसरण आणि प्रारण. परंतु या तिन्ही मार्गांनी उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. उन्हात आपल्या कातडीचे तापमान सुमारे ३५ अंश असते. भोवतालची हवा ४२ अंश आणि पायाखालची जमीन त्याहूनही तापलेली असेल, तर हे तिन्ही मार्ग उलटे वाहू लागतात. बाहेर जाण्याऐवजी उष्णता आत येऊ लागते. मोटारसायकलवरून जाताना तोंडावर येणाऱ्या झळांचा चटका आपण सर्वांनी अनुभवला आहे. एरवी गारवा देणारा वारा ४२ अंशांना आपल्याला तापवीत असतो.

अशा वेळी एकच दार उघडे राहते, ते म्हणजे घामाचे बाष्पीभवन.

घामाचे मोल

एक लिटर घामाची पूर्ण वाफ होताना तो कातडीपासून सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. हाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा. या आकड्याच्या मदतीने आपल्या पहिल्या मित्राच्या काळ्या टी-शर्टाचा हिशोब मांडू.

काळे कापड त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ८५ टक्के शोषून घेते, म्हणजे २७० पैकी २३० वॅट. टी-शर्ट अंगाला घट्ट चिकटलेला असेल, तर ही उष्णता कातडीत उतरते. त्यात शरीराचे १०० मिळवून ३३० वॅट झाले. चार तासांत, म्हणजे १४,४०० सेकंदांत, ही उष्णता सुमारे ४७ लाख ५० हजार ज्यूल भरते. ती घालवण्यासाठी जवळजवळ २ लिटर घाम लागेल. पांढरे कापड सुमारे ३० टक्केच ऊन शोषते असे धरले, तर हाच हिशोब १८० वॅटवर येतो आणि घाम लागतो १ लिटरहून थोडा अधिक. हा अंदाज ढोबळ आहे. यात तापलेल्या हवेची व जमिनीची उष्णता धरलेली नाही, कापडात शोषलेली सगळी उष्णता कातडीत उतरते असे मानले आहे, आणि डोक्यापासून पायापर्यंत एकच रंग धरला आहे. तरी कपड्याचा केवळ रंग बदलून सुमारे लिटरभर पाण्याचा फरक पडू शकतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना लिटरभर पाण्याची किंमत सांगायला नको.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. घाम आल्याने शरीर थंड होत नाही. घाम वाळल्याने थंड होते. जो थेंब कपाळावरून ओघळून जमिनीवर पडला किंवा जो आपण दस्तीने पुसून टाकला, तो फुकट गेला. त्याने पाणी नेले, मीठ नेले, पण उष्णता फारशी नेली नाही.

नांदेडचा कूलर मुंबईत का चालत नाही?

उन्हाळ्यात नांदेडच्या घराघरांत वाळ्याचे कूलर फिरू लागतात. मे महिन्यात ते झकास गारवा देतात. पण जूनमध्ये पाऊस पडू लागला की तोच कूलर, तेच पाणी आणि तोच पंखा असूनही खोली दमट होते, गार होत नाही. मुंबईच्या घरांत तर असे कूलर क्वचितच दिसतात. माठाचेही असेच. उन्हाळ्यात थंडगार पाणी देणारा माठ पावसाळ्यात रुसतो. कारण बाष्पीभवन हे नुसत्या तापमानावर नव्हे, तर हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावरही अवलंबून असते.

३५ अंशांच्या ओल्या कातडीपाशी बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४२ मिलिमीटर असतो. नांदेडला दुपारी तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर हवेतील बाष्पाचा दाब जेमतेम १२ मिलिमीटर भरतो. म्हणजे बाष्पाला बाहेर ढकलणारा फरक ३० मिलिमीटरचा. आता समुद्रकाठचे एक ठिकाण घ्या. तापमान ३४ अंश, आर्द्रता ७० टक्के. तेथे हवेतील बाष्पाचा दाब २८ मिलिमीटर होतो आणि फरक उरतो फक्त १४ मिलिमीटरचा. तापमापकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून वाऱ्यात धरली, तर नांदेडला तो सुमारे २४ अंशांपर्यंत उतरेल. समुद्रकाठी मात्र २९ अंशांच्या आसपास अडून राहील. साध्या तापमापकाला जे ठिकाण आठ अंशांनी थंड वाटते, तेच ओल्या तापमापकाला पाच अंशांनी गरम वाटते. आपले घामेजलेले शरीर हा ओला तापमापकच नव्हे काय?

म्हणून किनाऱ्याजवळ ३८ अंश हा आकडा किरकोळ नसतो. भर उन्हात, दाटीवाटीने, वारा न लागता तासन्‌तास बसलेल्या माणसाचा घाम वाळायला वावच मिळत नाही.

पण म्हणून कोरडे ऊन निर्धोक समजू नका. तेथील धोका वेगळा आहे. नांदेड-लातूरकडे घाम आल्याबरोबर वाळतो. सदरा कोरडाच राहतो आणि आपल्याला वाटते, घाम येतच नाही. संध्याकाळी पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात, तेव्हा कळते की अंगातले पाणी केव्हाच उडून गेले. थोडक्यात, दमट हवेत पाणी असूनही शरीराचा कूलर चालत नाही आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण टाकी नकळत रिकामी होते.

बनियनवाला मित्र

आता दुसऱ्या मित्राकडे वळू. 'कपडे कमी, तितके गार' हा नियम सावलीत आणि हवा कातडीपेक्षा थंड असताना ठीक आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अंगावर कमी आणि विरळ कापड असणे सोयीचे असते, कारण तेथे घामाला वारा लागणे सर्वांत महत्त्वाचे. पण ४२ अंशांच्या कोरड्या उन्हात उघडे अंग म्हणजे ऊन आणि झळा यांना मोकळे अंगणच. अतिनील किरणांनी कातडी भाजते ती वेगळीच.

येथे गोळेवाल्याकडून धडा घ्या. तो बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतो. गोणपाट बर्फाला 'ऊब' देत नाही. ते बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. गोणपाटाच्या धाग्यांत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. ज्या गुणामुळे गोधडी थंडीत आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्याच गुणामुळे कापड उन्हाळ्यात बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. आजोबांच्या डोक्यावरचा अनेक वेढ्यांचा पांढरा रुमाल हे असेच हवेच्या थरांचे छप्पर आहे. मेमधला सूर्य नेमका डोक्यावर असल्याने या छपराची जागाही अचूक आहे. शेतात खुरपणाऱ्या बायका डोक्यावरून पदर घेतात आणि वर पुरुषी सदरा चढवतात, त्यातही हेच शास्त्र आहे.

मग वाळवंटात काळे झगे कसे?

एव्हाना एखादा चौकस विद्यार्थी विचारील: पांढरे इतके चांगले, तर वाळवंटातले बेदुइन लोक पिढ्यान्‌पिढ्या काळे झगे कसे घालतात? हाच प्रश्न श्कोल्निक, टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला. निगेव्हच्या वाळवंटात एका माणसाला त्यांनी आळीपाळीने काळा झगा, तसाच पांढरा झगा, खाकी लष्करी गणवेश आणि नुसती अर्धी चड्डी घालून उन्हात उभे केले आणि मोजमापे घेतली. १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडला. काळ्या झग्याचे कापड अधिक तापत होते, हे खरे. पण कातडीपर्यंत पोहोचणारी उष्णता काळ्या आणि पांढऱ्या झग्यांत सारखीच होती!

याचे कारण झग्याच्या सैलपणात आहे. तापलेले कापड आणि अंग यांच्यामध्ये हवेची पोकळी असते. त्या पोकळीतली हवा तापून धुराड्यातल्या धुरासारखी वर चढते आणि गळ्यापाशी बाहेर पडते. खालून नवी हवा आत येते. चालताना झगा हलतो आणि लोहाराच्या भात्यासारखे काम करतो. कापडाने जास्त शोषलेली उष्णता अंगापर्यंत पोहोचण्यापूर्वीच हवा घेऊन जाते.

यावरून आपल्या पहिल्या मित्राने 'काळे चालते' असा अर्थ काढू नये. त्याचा टी-शर्ट झगा नव्हे. अंगाला चिकटलेल्या काळ्या कापडाला पोकळीचा हा लाभ नाही. पण रंगापेक्षा सैलपणा अधिक मोलाचा, हा धडा मात्र घ्यावा. धोतर, सदरा, पायजमा यांच्या ऐसपैस शिवणीला हे कारण पुरेसे आहे.

कापड कोणते? सुती. ओलसर हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. साध्या पॉलिएस्टरच्या घट्ट विणीच्या कपड्यात घाम कातडीवरच साचतो. खेळाडूंच्या खास जाळीदार पॉलिएस्टरची गोष्ट निराळी. त्याच्या बारीक तंतूंमधून घाम केशाकर्षणाने बाहेर पसरतो व लवकर वाळतो. परंतु 'नांदेड-४४' या कपाशीच्या संकरित वाणाला ज्या शहराचे नाव मिळाले, तेथल्या मुलांना सुती सदऱ्याचा शोध घ्यायला लांब जावे लागू नये.

शर्यत करणाऱ्याची अडचण

प्रेक्षकाला कपडे निवडण्याची मुभा असते. शर्यत करणाऱ्याला ती नसते. मोटार शर्यतीतील चालक आगीपासून बचावासाठी नोमेक्स या न जळणाऱ्या धाग्याचे अनेक थरांचे कपडे आणि शिरस्त्राण घालतो. मोटारसायकलस्वार पडल्यावर कातडी सोलवटू नये म्हणून चामड्याचा घट्ट पोशाख घालतो. आगीला आणि डांबराला अडवणारे हे कपडे घामाच्या वाफेलाही अडवतात.

८ ऑक्टोबर २०२३ रोजी कतारमध्ये फॉर्म्युला वन शर्यत झाली, ती रात्री. ऊन मुळीच नव्हते. तरीही उष्ण-दमट हवेत लोगन सार्जंट या चालकाला प्रकृती बिघडल्याने शर्यत सोडावी लागली आणि एस्तेबान ओकॉनला गाडी चालवतानाच उलटी झाली. सूर्य नसतानाही, केवळ घाम वाळण्याचे दार बंद झाल्याने काय होते त्याचा हा पुरावा. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. तेथे उष्म्यामुळे फेऱ्या २४ वरून २१ वर आणाव्या लागल्या. २०२५ च्या हंगामापासून फॉर्म्युला वनने नियम केला. उष्णता निर्देशांक (हीट इंडेक्स) ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर चालकासाठी गाडीत शीतयंत्रणा बसवायची. तिच्यातील थंड द्रव चालकाच्या बंडीत शिवलेल्या बारीक नळ्यांतून फिरतो. घामाचे दार बंद असेल, तर उष्णता वहनाने बाहेर काढण्याचा हा कृत्रिम मार्ग.

आजीचा निकाल

तिसऱ्या मित्राच्या आजीला आपण दहापैकी नऊ गुण देऊ. पूर्ण बाह्यांचा सैल, फिक्या रंगाचा सुती सदरा आणि डोक्याला रुमाल ही कोरड्या उन्हासाठी उत्तम निवड आहे. कापलेला गुण कांद्याचा. खिशातल्या कांद्याने शरीराची उष्णता बाहेर जाण्याचा कोणताही मार्ग पदार्थविज्ञानाला ठाऊक नाही. त्या खिशात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली ठेवावी.

शर्यतीला निघताना एवढे पाहा:

१. वरचा कपडा सैल, सुती, फिका आणि पूर्ण बाह्यांचा असावा. गळ्याची गुंडी मोकळी ठेवा, म्हणजे धुराड्याचे तोंड उघडे राहील.

२. डोके, कान आणि मान झाकेल असा रुमाल किंवा रुंद काठाची टोपी घ्या. रुमाल पाण्यात भिजवला तर दुहेरी फायदा. छत्री सर्वांत उत्तम, पण मागच्यांना शर्यत दिसेल अशी धरा.

३. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा.

४. कोकणात किंवा मुंबईकडे गेलात, तर कपडे आणखी विरळ घाला, वारा लागेल अशी जागा धरा आणि उन्हातला वेळ कमी करा. दमट हवेत कपड्याची मदत तोकडी पडते. सावलीला पर्याय नाही.

५. सोबतचा कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा अंग फार तापले, तर शर्यत विसरा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

करून पाहा

प्रयोगशाळेतील तीन तापमापक घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळा. तिसऱ्यालाही ओली चिंधी गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. तिन्ही सावलीत, पंख्यासमोर दहा मिनिटे ठेवून तापमाने नोंदवा. दुसरा आणि तिसरा तापमापक तितकेच ओले आहेत, मग त्यांच्यात फरक का पडला? हाच प्रयोग मे महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये करा, आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहा.

या वह्या घेऊन वर्गात चर्चा करा. मग कोणत्याही कपड्याला तुम्ही दोनच प्रश्न विचाराल: तू ऊन बाहेर अडवतोस का? आणि माझ्या घामाला बाहेर जाऊ देतोस का? दोन्हींचे उत्तर 'होय' आले, तर तो कपडा घालून खुशाल शर्यतीला जा.